सात नंबरची खोली

बाई काही मुळातल्या लबाड नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. पण गळ्याशी आलं की माणूस काय काय करून बसतं!

परदेशातल्या विद्यार्थ्यांशी पडद्यावरून ओळखी करून द्यायच्या, हे त्यांचं विद्यापीठातलं काम. एक विद्यार्थी इथला, एक तिथला, अशा बारा जोड्या. दहा आठवडे एकमेकांना लिहायचं आणि शेवटी एकदाच कॅमेऱ्यासमोर भेटायचं. तिकडच्यांना याचे गुण मिळत, इकडच्यांना नुसतं प्रमाणपत्र. मग काय, तिसऱ्याच आठवड्यात इकडच्या पोरांनी काढता पाय घेतला.

"एक जरी जोडी मोडली ना बाई, तर उपक्रम बंद," विभागप्रमुखांनी बजावलं. "आणि तुमची नोकरीही."

बाईंनी हातापाया पडून अकरा जणांना परत आणलं. सात नंबरच्या जोडीतली मुलगी मात्र फोनच उचलेना. एका दुपारी डबा बाजूला सारून बाईंनी तिच्या नावाने दोन ओळी लिहून टाकल्या. म्हटलं, येईल कार्टी आठवड्याभरात. कसली येतेय!

पलीकडच्या पोरीची आई नुकतीच गेली होती. तिने ते लिहिलं आणि बाईंच्या काळजात चर्र झालं. त्यांची स्वतःची आई जाऊन दोन वर्षं झाली होती; घरी विषय काढला की नवरा म्हणायचा, "आता पुरे की गं." बाईंनी उत्तर लिहिलं, आईचा चष्मा मी अजून पर्समध्ये घेऊन फिरते. मग दोघी लिहीतच सुटल्या. इतकं मोकळं बाई कुणापाशी झाल्या नव्हत्या. खोटं होतं ते फक्त नाव आणि वय.

शेवटच्या दिवशी पडद्यावर बारा खोल्या उघडल्या. अकरांत दोघं दोघं, सातमध्ये एकच जण. पाच मिनिटं गेली, दहा गेली. 'ती आजारी आहे' एवढं सांगून निसटायचं, असं ठरवून बाई सातमध्ये शिरल्या.

पोर केस नीट विंचरून बसली होती. हातात एक चष्मा.

"माझ्या आईचा," ती म्हणाली. "मैत्रिणीला दाखवायला आणलाय. कुठे आहे ती?"

थाप ओठांवर आली होती, तिथेच अडकली.

"ती येणार नाही, बाळा. तुला लिहीत होते ती मीच."

पोरीला आधी कळेचना. कळलं तशी ती खुर्चीत मागे सरकली.

"शेवटच्या दिवशी आई काय म्हणाली, ते मी बाबांनासुद्धा सांगितलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला सांगितलं."

"माझी आई खरंच गेली गं. चष्मा खरा आहे, थांब, दाखवते…"

बाई पर्स उघडू लागल्या. चेन अर्ध्यावरच अडकली. कशीबशी ओढून त्यांनी चष्मा कॅमेऱ्यासमोर धरला, तर पडद्यावर त्यांचा एकटीचाच चेहरा होता. पोर निघून गेली होती.

विभागप्रमुखांनी दारातून डोकं आत घातलं. "झाल्या ना बारा?"

बाईंनी चष्मा पुसला, घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"अकरा," त्या म्हणाल्या.