ताप नक्की कोणाला?

मी बोलतोय. घाबरू नका, या वेळी ताप कोणालाही नाही. नुसताच बोलतोय.

मी दंडावर बांधायचा पट्टा. दोन बोटं रुंद, राखाडी रंगाचा, आतल्या बाजूला एक चपटी चकती. चकती कातडीला टेकली की अंग किती तापलंय ते मला कळतं. मी दोन कामं करतो. ज्या मोबाइलशी माझी जोडणी झाली असेल त्यावर आकडा पाठवत राहतो आणि शंभराच्या वर गेलं की मोठ्याने सांगतो, "तुम्हाला ताप आहे. कृपया विश्रांती घ्या." आवाज बाईचा आहे. मी पट्टा, म्हणजे व्याकरणाने पुरुष. पण आवाज बसवताना मला कोणी विचारलं नाही.

कारखान्यात माझा पहिला रुग्ण म्हणजे एक रबरी हात. त्याच्या आत गरम पाणी सोडायचे. त्याला दिवसातून चाळीस वेळा ताप यायचा आणि चाळीस वेळा उतरायचा. कण्हणं नाही, कुरकुर नाही, की "मला काही झालेलं नाही" म्हणणं नाही. माणसंही अशीच असतील अशी माझी प्रामाणिक समजूत झाली. मग मला खोक्यात भरलं आणि माणसांत पाठवलं.

मला विकत घेतलं एका मुलीने. ती दूरच्या शहरात पुलांचे नकाशे काढते. तिचे बाबा बेकरीवाले. खाली बेकरी, वर घर, आणि वर जायचा जिना मैद्याच्या पोत्यांमागून. गेल्या थंडीत बाबांनी चार दिवस ताप अंगावर काढला आणि फोनवर मुलीला म्हणाले, "आवाज जरा बसलाय." ते तिला महिन्याने, एका गिऱ्हाइकाकडून कळलं. त्याच आठवड्यात तिने मला घेतलं, सुट्टी काढून घरी आली आणि बाबांच्या दंडावर मला आवळून बांधलं.

"हा काढायचा नाही," ती म्हणाली.

"आंघोळीला?"

"आंघोळीलाही नाही. पाणी चालतं त्याला."

"आणि मेल्यावर?"

"बाबा."

"विचारून ठेवलं," बाबा म्हणाले.

मुलगी परत गेली आणि माझी नोकरी सुरू झाली. आता बेकरीत भट्टी असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाबा लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन भट्टीच्या तोंडाशी उभे राहत, हात आत घालून पावांचे ट्रे ओढत. पहिल्याच सकाळी, दुकान उघडून तास व्हायच्या आत मी अकरा वेळा सांगितलं की तुम्हाला ताप आहे, कृपया विश्रांती घ्या. अगदी मनापासून सांगितलं. दुकानात पाच गिऱ्हाइकं होती. सगळ्यांत पुढे एक मास्तर. पावाकडे गेलेला हात त्यांनी सावकाश मागे घेतला, खिशात घातला आणि "येतो मग" म्हणून निघून गेले.

दुपारपर्यंत गल्लीत बातमी झाली की बेकरीवाल्याला टायफॉइड आहे. दिवस मावळेपर्यंत त्याला अजून नाव न सापडलेलं काहीतरी झालं होतं. कपाटं भरून पाव उरले. मुलीचाही फोन आला; भट्टीची धग आहे, म्हणून बाबांनी तिची समजूत काढली. दुसऱ्या दिवशी आत्याने, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीने, दारावर पाटी लावली: "येथील बेकरीवाल्याला ताप नाही." पाटी वाचून ज्यांना शंका नव्हती त्यांनाही आली.

आत्याबद्दल आधीच सांगायला हवं होतं. वय सहासष्ट. दुकानाचा काउंटर तिचा. कोणाला करपट पाव लागतो, कोणाला कडा काढलेला, कोणाच्या घरी दात नसलेलं माणूस आहे म्हणून मऊ बन, हे सगळं तिला तोंडपाठ. दुसरा नुसता शिंकला तरी ती त्याला काढ्याची कृती सांगे. स्वतःबद्दल विचारलं तर म्हणे, "मला काय धाड भरलीय." तिनेच माझं नाव बोंबल्या ठेवलं.

"अरे, हा बोंबल्या दुकान बुडवणार," ती बाबांना म्हणाली. "काढून ठेव."

"लेकीला शब्द दिलाय."

"मग शब्द बांध दंडाला, हा काढ."

बाबा सरळ मनाचे. शब्द मोडायचा नव्हता आणि पावही विकायचे होते. त्यांनी बराच विचार केला. मी काही न मोजता पडून राहिलो तर मुलीला कळणार, म्हणून मला ऊबदार जागा हवी. बेकरीत ऊबदार आणि शांत अशी एकच जागा होती: मळलेला मैदा फुगायला ठेवतात ती परात. बाबांनी मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, ओल्या फडक्याखाली मैद्याच्या गोळ्यावर ठेवलं आणि समाधानाने हात झटकले. शब्दाप्रमाणे त्यांनी मला काढलं नव्हतंच, फक्त दुसरीकडे बांधलं होतं.

मैद्याच्या गोळ्याइतका गुणी रुग्ण मी पुन्हा पाहिला नाही. तो गप्प पडून असायचा आणि हळूहळू फुगायचा. मला वाटलं, सूज असावी. पण सूज माझ्या खात्यात येत नाही. मी माझा आकडा पाठवला.

दहा मिनिटांत फोन आला.

"बाबा, ब्याऐंशी."

"काय ब्याऐंशी?"

"तुमचं अंग. मोबाइल लाल झालाय माझा. एवढ्या आकड्याला माणूस जिवंत नसतो म्हणे."

"मग तू बोलतेयस कोणाशी?"

"बाबा, हसू नका. झालंय काय?"

"गार पाण्याने आंघोळ केली."

"तीन तास?"

बाबांना खोटं नीट बोलता येत नाही. ते "हो" म्हणाले, आणि मुलीने पट्टा नीट आवळून बांधायला बजावलं. फुगता फुगता गोळ्याने मला पोटात घेतलं होतं, आणि त्याच दुपारी मी एका बनच्या पोटातून भट्टीत जाता जाता वाचलो. आत्याला गोळा टणक लागला म्हणून तिने तो दाबून पाहिला, आणि पिशवीसकट मी बाहेर आलो.

मला पुसत असतानाच बाबांना ती युक्ती सुचली.

"ताई, हात पुढे कर."

"कशाला?"

"तुझं अंग ते माझं अंग. एका आईची लेकरं आपण. आणि तू भट्टीपासून लांब उभी असतेस."

"आईने मला पट्टा बांधायला जन्माला घातलं नव्हतं," आत्या म्हणाली. पण बाही मात्र तिने वर केली.

त्यानंतरचे पाच आठवडे माझ्या आयुष्यातले सुखाचे. आकडे अगदी माणसासारखे येऊ लागले: अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. मुलगी रोज सकाळी आकडा बघून बाबांना मेसेज करायची, "आज छान." बाबा तो मेसेज काउंटरवर आणून दाखवायचे.

"बघ, मी आज छान आहे."

"तू कसला छान. मी छान आहे," आत्या म्हणायची.

पुढे पुढे तीच आधी विचारू लागली, "आलं का तिचं?" मेसेज यायला उशीर झाला तर ती काउंटरचं फडकं चार वेळा धुवायची. मला ताप सोडून माणसातलं काही कळत नाही. पण "आज छान" आलं की आत्याचा आकडा पॉइंट एकने वर जायचा, एवढं मी शपथेवर सांगेन.

मग एका शुक्रवारी तिला खोकला सुरू झाला. आकडा नव्व्याण्णवच्या पुढे सरकला. मुलीचा मेसेज आला, "बाबा, आज जरा जास्त?" बाबांनी उत्तर दिलं, "भट्टीजवळ होतो." शनिवार, रविवार तसेच गेले. सोमवारी अकरा वाजता आकडा एकशे एक झाला. मी कर्तव्य केलं.

"तुम्हाला ताप आहे. कृपया विश्रांती घ्या."

आत्याने स्वेटरची बाही माझ्यावर ओढली. मी पुन्हा सांगितलं. तिने वरून फडकं गुंडाळलं. मी तरीही सांगितलं. आता माझा आवाज उशीखालून बोलल्यासारखा येत होता.

"कोण बोलतंय?" मास्तरांनी विचारलं. ते पावाला पुन्हा येऊ लागले होते.

"रेडिओ," आत्या म्हणाली.

आतून, भट्टीशेजारून बाबांनी हाक दिली, "ताई, गरम ट्रेपासून लांब उभी राहा गं. बोंबल्या पेटलाय."

माझं बोलणं कोणी मनावर घेईना. त्यांना दोष कसा द्यायचा? पहिल्याच सकाळी मी अकरा वेळा खोटं बोललो होतो. रबरी हातावर शिकताना हे कोणी शिकवलं नव्हतं की खरं सांगणं वेगळं आणि खरं वाटणं वेगळं. मी ओरडत राहिलो आणि माझ्याखाली आत्याचा दंड तापत राहिला. दोन वाजता आकडा एकशे तीन झाला. मी तो मुलीकडे पाठवला. दुसरं माझ्या हातात काही नव्हतं. खरं तर मला हातच नाहीत.

बाबांनी पिठाच्या हाताने फोन घेतला.

"बाबा, आडवे व्हा आधी. एकशे तीन आहे."

"मी ठणठणीत आहे. पाव काढतोय."

"बाबा, आकडा माझ्यासमोर आहे. तुम्हाला ताप आहे."

"मला नाही गं."

"मग कोणाला?"

बाबांनी हातातलं फावडं भिंतीला टेकवलं. भट्टीत लाकूड तडतडलं.

"बाबा, पट्टा कोणाच्या हातावर आहे?"

"ताईच्या."

"आजच?"

"पाच आठवडे झाले."

मुलगी रागावली नाही. रागवायला तिला वेळच नव्हता. "मग आत्याला ताप आहे," ती म्हणाली. "एकशे तीन."

बाबांनी फोन तसाच चालू पोत्यावर ठेवला आणि बाहेर आले. काउंटरवर आत्या उभी होती, पण एका हाताने कपाट धरून. समोर मास्तर हातात कागदी पिशवी घेऊन ओशाळून उभे होते.

"मी दोन बन मागितले," मास्तर हळूच म्हणाले. "बाईंनी मला माझीच छत्री बांधून दिली."

बाबांनी आत्याच्या कपाळाला हात लावला. कपाळावर पिठाची पाच बोटं उमटली.

"हात धुऊन ये आधी," आत्या म्हणाली. तिचे दात वाजत होते.

"ताई, चल."

"दुकान?"

"बंद."

"पाव आत आहेत तुझे."

"जळू देत."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी जन्मात एक पाव जळू दिला नव्हता. मग ती काही न बोलता काउंटरच्या बाहेर आली. मास्तरांनी एका बाजूने धरलं, बाबांनी दुसऱ्या. भट्टीतले पाव खरंच जळले, आणि त्या वासाने गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आत्याची छाती तपासली. "कधीपासून आहे हे?"

"आजच," आत्या म्हणाली.

बाबांनी मुलीला फोन लावून ठेवला होता. मुलीने माझे सगळे आकडे वाचून दाखवले: शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. आत्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पॉइंट दोनने उतरलो असतो. "चुगलखोर," ती पुटपुटली.

न्यूमोनिया होता. आणखी दोन दिवस काढले असते तर कठीण होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हा बाबा बाकावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी पहिल्या बसने थेट दवाखान्यात आली. आत्याच्या नाकाला नळी होती. मुलीने बाबांना कोपऱ्यात घेतलं, पण खोलीला कोपरे जवळजवळच होते.

"पाच आठवडे मी रोज उठून ते बघत होते, बाबा. चहा ठेवायच्याही आधी."

बाबांनी आत्याचं सरकलेलं पांघरूण सारखं केलं.

"काय बघत होतीस?" आत्याने खाटेवरून विचारलं.

"बाबांचा आकडा."

"रोज?"

"रोज."

आत्याने नळी जरा बाजूला केली. "मग माझाच बघत होतीस की."

आपण पट्टा घेतला तेव्हा एकच घेतला होता, हे मुलीला तेव्हा आठवलं असावं. ती खाटेच्या कडेवर बसली, मोबाइल काढला. माझ्या आकड्याच्या वर "बाबा" असं लिहिलेलं होतं. तिने ते पुसून "आत्या" लिहिलं आणि आत्याला दाखवलं. आत्याने चष्मा मागवला, नीट वाचलं आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या वेळचा आकडा मी पाठवला नाही. तो तापाचा नव्हता.

याला आता दोन वर्षं झाली. आत्या काउंटरवर आहे. बाबांना मुलीने दुसरा पट्टा आणला होता. तो ते भट्टीपाशी जाताना खुंटीला अडकवतात आणि घरी घालतात, असा तह झालाय. मी म्हातारा झालोय. कड उसवलीय, चकतीवर चरे पडलेत आणि रात्रभर चार्ज केलं तरी मी दुपारी बारापर्यंतच पुरतो. बारा वाजता आकडा जाणं बंद होतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मुलीने घाबरून फोन केला. आता ती रोजच करते, थेट आत्याला. दोघी काय बोलतात ते मला माहीत नाही, तेव्हा मी बंद असतो. पण दुसऱ्या सकाळी बाबा कुरकुरतात, "काल पाऊण तास चाललं होतं तुमचं," आणि आत्या म्हणते, "तुझ्या पोटात का दुखतंय?" यावरून मी समजून घेतो.

परवा कळलं की मुलगी पुढच्या महिन्यात येणार आहे आणि येताना माझ्यासाठी नवी बॅटरी आणणार आहे. दिवसभर चालेल अशी.

तुमच्यापैकी कोणी तिला ओळखत असाल तर माझा एवढा निरोप द्या. बॅटरी राहू दे म्हणावं. बारा वाजता मी बंद पडतो, ते सगळ्यांना सोयीचं आहे.