आर्डिसची शेवटची फेरी

मित्रांनो, वरच्या फळीवर कागदी बशांच्या गठ्ठ्यामागे काहीतरी निळे दिसते आहे ना, ती मी. मी एक जुनी किटली आहे. माझ्या पोटात चाळीस कप कॉफी मावते. मिनेसोटातल्या एका छोट्या गावात, चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात माझा सगळा जन्म गेला.

कारखान्यात माझ्या पत्र्यावर निळा मुलामा दोनदा भाजून चढवला, तेव्हा वाटले होते, एखाद्या लग्नघरी जाईन. नशिबी आली मयताची कॉफी. गावात कोणी गेले की वर प्रार्थना व्हायची, गेलेल्याविषयी चार चांगले शब्द बोलले जायचे आणि खाली माझ्याखाली जाळ पेटायचा. कॉफीच्या पुडीत अख्खे अंडे कवचासकट कुस्करायचे, ते उकळत्या पाण्यात सोडायचे आणि शेवटी गार पाण्याचा हबका मारायचा. गाळ तळाशी बसतो आणि कॉफी अगदी नितळ होते. "वाईट नाही," असे लोक म्हणत. इथे याहून मोठी शाबासकी नसते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

ती कॉफी आर्डिस टोमरडाल करायची. सकाळ-संध्याकाळ ती शाळेची बस चालवायची आणि मयत असले की मधल्या वेळात माझ्यापाशी यायची. तिचा नवरा नॉरिस गेला, त्या दिवशीही ती सवयीने खालीच आली.

"अगं, आज तरी वर बस," तिची शेजारीण लावॉन म्हणाली.

"मग कॉफी कोण करणार? तू? अंडं घालताना हात आखडतेस."

त्यामुळे नॉरिसविषयी वर कोण काय बोलले, ते तिने ऐकलेच नाही. माझा दांडा धरून ती छताकडे बघत उभी होती. खुर्च्या सरकल्याचे ऐकू येत होते, शब्द मात्र येत नव्हते. नंतर तिला कोणी सांगितले नाही आणि तिनेही विचारले नाही.

पुढे विजेचा बंब आला. बटण दाबले की कॉफी तयार. मला वर चढवले आणि माझ्यात प्लास्टिकचे काटे-चमचे भरून ठेवले. सहा वर्षे मी तशीच होते. मला कोणी बोल लावला नाही की भंगारात दिले नाही. विसरले, एवढेच. मित्रांनो, त्यापेक्षा कोणी आदळआपट केली असती तर बरे वाटले असते.

एका उन्हाळ्यात आर्डिसने स्टुलावर चढून मला खाली काढले. तिची बोटे काटक्या झाली होती. पानगळीपर्यंत काढाल, असे डॉक्टरांनी तिला सांगितले होते. मला घासता घासता ती लावॉनला वहीतले वाचून दाखवू लागली.

"शवपेटी नको, लिलीची फुलं नकोत, ऑर्गन तर मुळीच नको. मर्लच्या गोठ्यामागं माझी जुनी बस पडून आहे, ती तो चालू करून देतोय. माझ्या नेहमीच्या रस्त्यानं मी शेवटची फेरी मारणार. थांब्याथांब्यावर लोक चढतील, माझ्याजवळ उभं राहून, मी गेल्यावर जे बोलायचं ते आत्ताच बोलतील, कॉफी घेतील आणि मागं जाऊन बसतील."

लावॉनचा पुसणारा हात थांबला. "तुझ्या तोंडावर?"

"मग काय! मेल्यावर मला काय कपाळ ऐकू येणार आहे? जन्मभर खालीच तर होते मी."

"बरं," लावॉन म्हणाली. "वेगळंच आहे हं."

इथे कोणी 'वेगळंच आहे' म्हणाले, म्हणजे ते पटलेले नसते; सावध व्हावे. पण आर्डिस त्या दिवशी फार खुशीत होती.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी बस निघाली. पुढच्या सीटवर मला पट्ट्याने बांधले होते. इतक्या वर्षांनी मी पुन्हा काठोकाठ भरले होते. पहिल्या थांब्यावर मर्ल चढला. तो पांढऱ्या मिशांचा शेतकरी, लहानपणी याच बसने शाळेत जायचा. टोपी हातात घेऊन तो तिच्यापाशी उभा राहिला.

"तर," तो म्हणाला. "यंदा मका बरा आलाय."

"हो का?"

"पाऊस वेळेवर झाला ना." आणि कप घेऊन तो मागे गेला.

दुसऱ्या थांब्यावर एक बाई म्हणाली, "ब्रेक अजून छान लागतायत गं." तिसऱ्यावर कोणीतरी वाऱ्याविषयी बोलले. मित्रांनो, चौदा थांबे झाले. गावातला एकही माणूस घरी राहिला नव्हता, पुष्कळांनी बटाट्याचे भाजलेले पदार्थही करून आणले होते. पण ज्यासाठी ती फेरी होती, ते कोणाच्याच तोंडून निघेना. माणसाची त्याच्या समोर स्तुती करणे म्हणजे त्याला चारचौघांत लाज आणणे, अशी या लोकांची पक्की समजूत. आर्डिसही त्यांच्यातलीच. आयुष्यात एकदाच ती हे विसरली. सुरुवातीला प्रत्येक थांब्यावर ती वरच्या मोठ्या आरशातून मागच्या चेहऱ्यांकडे बघत होती. नवव्या थांब्यानंतर तिने आरशात बघणे सोडले. मला तिची फार फार दया आली.

चर्चपाशी सगळे उतरले. मला फळीवर ठेवायला म्हणून आर्डिस कोठीच्या खोलीत आली आणि दिवा न लावताच पिठाच्या डब्यावर बसली. दाराबाहेर लावॉन कप विसळत होती आणि मर्ल पुसत होता.

"त्या हिमवादळात," मर्ल म्हणाला, "एकेका पोराला हाताला धरून दारापर्यंत सोडलं तिनं. तिचीच दोन बोटं गारठून काळी पडली होती."

"सीटखाली हातमोज्यांची पिशवी असायची बघ तिच्या. स्वतः विणलेले. माझ्या लेकींना दिले, पण मला एका शब्दानं बोलली नाही. तेव्हा आमच्याकडे काय हाल होते!"

"आज बोलायचंस की मग."

"तू बोललास? मका म्हणे!"

मर्लने बराच वेळ एकच कप पुसला. "ती गेली की मला सकाळी सात वाजता, तिच्या बसच्या वेळेला, रस्त्याकडे बघवणार नाही," तो म्हणाला.

आर्डिसचा हात माझ्या झाकणावर होता. झाकण वाजू नये म्हणून तिने ते घट्ट दाबून धरले. ते दोघे पुन्हा हवापाण्याकडे वळल्यावर ती डोळे पुसून मागच्या दाराने निघाली आणि आत्ताच जिना उतरून आल्यासारखी त्यांच्यापुढे गेली.

"कॉफी कशी झाली होती?" तिने विचारले.

"वाईट नव्हती," लावॉन म्हणाली.

आर्डिस पहिल्या बर्फाआधी गेली. 'नंतर काही करू नका, झालं आहे,' असे वहीत होते, म्हणून कोणी काही केले नाही. त्या दुपारी तळघरात लावॉन एकटी आली. मला खाली काढून तिने अंडे घातले, चांगली दोन घातली, आणि चाळीस कप कॉफी केली. एक कप भरून समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

"तुला सांगायचं राहून गेलं गं," ती म्हणाली, आणि टेबलावर डोके टेकवून रडू लागली.

मित्रांनो, कोणाविषयी चांगले बोलायचे असेल तर ते त्याच्या कानावर घाला. अवघडलात तरी घाला. आर्डिसने सगळे ऐकले होते, दाराच्या आडच होती ती. तेवढे लावॉनला सांगायला हवे. पण मी पडले किटली. तिच्यासमोर मी वाफ सोडत राहिले आणि हळूहळू गार झाले.