चिकटलेलं पान

मित्रांनो, मी एक जुनं गोष्टीचं पुस्तक आहे. छापखान्यातून निघताना माझ्या अंगाला कोऱ्या कागदाचा वास होता, आता खिचडीचा आहे. बोरीवलीच्या एका शाळेत, दुसरीच्या वर्गात, खिडकीपाशी पुस्तकं टांगायला बांधलेली दोरी हे माझं घर. दुपारी नॅशनल पार्ककडून वारा आला, की माझी पानं हळूहळू उलटतात आणि माझा डोळा लागतो.

माझ्या पोटात वाट चुकलेल्या बगळ्याची गोष्ट आहे. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी खिचडीच्या हातांनी मला उघडलं आणि मधली दोन पानं चिकटली. तेव्हापासून बगळा चंद्राला वाट विचारायचा, आणि पुढच्याच पानावर थेट घरी! कुणाला काही खटकलं नाही. सगळा वर्ग मला एका सुरात, तोंडपाठ म्हणायचा. माझं कौतुकही खूप झालं.

सपनाचा आवाज सगळ्यांत खणखणीत. पण ती 'चंद्र' म्हणायची तेव्हा तिचं बोट 'झाड' या शब्दावर असायचं. ते फक्त तिला आणि मला ठाऊक होतं. शनिवारी पालकांसमोर वाचायला वर्गाच्या शुभाबाईंनी नेमकं तिलाच निवडलं. नात वाचते म्हणून तिची आजी द्रौपदी साऱ्या वस्तीला सांगत सुटली. सपना मात्र मला दोरीवरून काढायचं टाळू लागली.

शनिवारी पहिली पानं घडाघडा झाली. आणि काय सांगू, झुरळांनी आतली शितं कधीच फस्त केली होती! चिकटलेलं पान अलगद उघडलं.

सपनाचं बोट पहिल्याच शब्दावर थांबलं. हे पान कुणालाच पाठ नव्हतं.

"बाई, मी सांगू?" वर्गातला चैतन्य ओरडला.

"गप रे! तिचं ती वाचेल ना," शुभाबाई म्हणाल्या. एरवी शब्द अडला, की त्याच आधी सांगून टाकायच्या.

आजी म्हणाली, "वाच गं बाय, मला कुठं घाई हाय?"

वाट लागली, असं मला वाटलं. तेवढ्यात बोट हललं. या वेळी बोटाखाली होता तोच शब्द तिच्या तोंडी आला. वाऱ्याने पान हललं, तसं तिने ते तळहाताने दाबून धरलं.

"चं... द्र म्हणा... ला, मी उ... जेड धरतो. उडा... यचं तुझं तुला."

वाचून झाल्यावर ती स्वतःच दचकली. मग कुणी न सांगता तेच वाक्य तिने पुन्हा वाचलं. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

मित्रांनो, हात धुऊन उघडा, हे तर सगळीच पुस्तकं सांगतात. माझी विनवणी एवढीच, की शेजारचा एखाद्या शब्दापाशी अडला, तर लगेच सांगू नका. जरा थांबा. इतकी वर्षं माझ्याच पोटात असलेलं ते पान मीसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.