डावीकडे अर्धा इंच

"मामा, हितं कोण न्हाई न्हवं?"

एक पाय दुकानाच्या उंबऱ्यावर आणि एक रस्त्यावर ठेवून विमलानं विचारलं. भरमाप्पानं मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि दुकानभर नजर फिरवली. दहा बाय आठचं दुकान. त्यात एक मशीन, एक स्टूल, कोपऱ्यात बायकांची मापं घ्यायचा पडदा. न दिसणारं माणूस बसणार कुठं? पण विचारणाऱ्याच्या समाधानासाठी बघावं लागतं.

"कोण न्हाई. बोल की."

"शिवायचंय. पण सांगायला लाज वाटतीया."

"शिंप्याला आन डाक्टरला लाजून भागतंय व्हय?"

विमला आत आली, रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली आणि रस्त्यालाच सांगितल्यासारखं म्हणाली, "मागं भर पायजे. परकरात. कुणाला कळू ने असा."

भरमाप्पा हसला नाही. गंगावेशीजवळच्या या गल्लीत पंचवीस वर्षं कातर चालवून त्यानं माणसांचा एक हिशेब मनाशी मांडला होता. माणूस तोंडानं खोटं बोलतो, माप देताना श्वास ओढून छातीनंही खोटं बोलतो; पण मागची बाजू स्वतःला दिसत नाही म्हणून तिला खोटं शिकवायचं राहून जातं. त्याच्या मापाच्या वहीत 'सीट' या शब्दापुढं सगळी गल्ली खरी खरी लिहिलेली होती. गिरणीवाला जोतीराम मिशीवरून पैलवान वाटे. वहीत त्याची सीट चौतीस होती आणि पँट ढुंगणावर पिशवीसारखी लोंबत असे. बाळासो मास्तर वर्गात वाघ; खुर्चीत बसून बसून मागं चपातीसारखा सपाट. भरमाप्पा हे कुणाला सांगत नसे. फक्त त्यांनी बढाई मारली की मनातल्या मनात त्यांचं पान उघडे.

विमलाचं पान त्याच्याकडं कोरं होतं. एकतीस वर्षांची, हायस्कुलात क्लार्क, हसरी, जिभेला धार. स्थळं मात्र तीन परत गेलेली. शेवटच्या स्थळाची आई उठता उठता म्हणाली होती, "पोरगी ग्वाड हाय, पण पाठमोरी झाली की पोरगी का पोरगा, कळंना."

"मग सगळं करून बघिटलं, मामा," विमला म्हणाली. "आमचा चुलतभाऊ कृष्णात तालमीत जातोय. त्याच्या सांगण्यावरनं तीन म्हैनं रोज दोनशे बैठका मारल्या. मांड्या झाल्या खांबासारख्या. मागं थोडं घट्ट झालं, पण गोल काय हुईना. मग तूप-केळी खाल्ली. ती गेली पोटाला. पार्लरवालीनं तेल चोळलं, तेलच संपलं. पुण्याचा डाक्टर राहिला हुता, त्येबी झालं."

"तो काय म्हणला?"

"हा आजार न्हवं म्हणला. आईबापाकडनं हाडाचा सांगाडाच तसा आलाय. पोटाची चरबी काढून मागं भरता येती, पण त्यातली बरीच जिरून जाती, आन एखादी गुठळी छातीत गेली तर माणूसच जातंय. चांगला हुता बिचारा. म्हणला, बाई, तुम्हाला चालता-बसता येतंय न्हवं? मग जावा घरला."

"म्हंजे आता शिंपीच राहिला."

"शेवटी शिंपीच," विमला म्हणाली आणि पहिल्यांदा त्याच्याकडं वळली. "म्हैन्यानं इचलकरंजीचं स्थळ बघायला येतंय. उन्मेष नाव हाय, मागाचा कारखाना हाय. मला ह्ये स्थळ घालवायचं न्हाई, मामा."

भरमाप्पानं हो म्हटलं. अडचण पुढंच होती: माप.

बायकांना त्यानं कधी टेप लावला नव्हता. ते काम महादेवीचं, त्याच्या बायकोचं. पडद्याआड ती माप घेई आणि आतून आकडे ओरडे. बाहेर हा वहीत लिही. प्रत्येक आकड्यामागं तिचा एकच सवाल असे, "लिव्हलं का?" यानं "लिव्हलं" म्हटल्याशिवाय ती पुढचा आकडा सांगत नसे. चार वर्षांपूर्वी ती गेली आणि पडदा एका बाजूला गोळा होऊन राहिला. तेव्हापासून बायका मापाचं जुनं ब्लाउज आणून टाकत. पण जे कधी नव्हतंच त्याचा नमुना विमला कुठून आणणार?

नमुना भरमाप्पाकडं होता. खाकी कागदाचा, घडी घालून वहीच्या शेवटच्या पानात ठेवलेला.

शेवटच्या दुखण्यात महादेवी वाळत गेली. भरलेली बाई, सीट चाळीस. सहा महिन्यांत अशी आटली की दुकानातल्या तिच्या स्टुलावर बसली तर हाडं टोचायची. तेव्हा त्यानं तिच्या जुन्या मापाबरहुकूम तो खाकी कागद कापला आणि परकरात सावरीच्या कापसाच्या दोन गाद्या शिवल्या. डावी अर्धा इंच जास्त, कारण सारा जन्म डाव्या अंगावर भार टाकून बसायची तिची सवय. चालतानाही ती जरा डावीकडं झुके. तो परकर नेसून तिनं आरशात मागं वळून बघितलं होतं आणि म्हणाली होती, "आले की परत मी."

त्यांच्यात मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, मातीत बसवतात. तिला बसवलं तेव्हा लुगड्याखाली तो परकर होता. हे फक्त भरमाप्पाला ठाऊक. किती वर्षं बसायचंय कुणास ठाऊक. टोचू तरी नये.

तर त्या कागदावरून त्यानं विमलाचा परकर बेतला. कमरेला अंदाजानं कमी केला, उंचीला तोच ठेवला. मनाशी म्हणाला, नमुना तो नमुना, त्याला काय कुणाचं नाव असतंय?

सोमवारी साडेपाचला विमला शाळेतून परत येताना दुकानावरून गेली. समोरून आली ती विमला होती. पुढं गेली आणि भरमाप्पाच्या हातातली सुई बोटात शिरली. पाठमोरी महादेवी चालली होती.

समोरच्या गिरणीच्या दारात पिठानं पांढरा झालेला जोतीराम उभा होता. तो रस्ता ओलांडून आला. "भरमा, आत्ता मी वैनीला हाक मारनार हुतो बघ. हाक तोंडात आलती. मग ध्येनात आलं." मग डोळे चोळत म्हणाला, "पीठ गेलं असंल डोळ्यात."

"व्हय, पीठच," भरमाप्पा म्हणाला.

त्या दिवसापासून सव्वापाचला त्याचं मशीन थांबू लागलं. तो स्टूल दारात घेई. समोरून येणाऱ्या विमलाला तो "काय गं, बरं हाय का?" म्हणे, पण त्याचं लक्ष ती कधी पुढं जाते याकडं. दुकान ते कोपरा, एकोणतीस पावलं. रोज एकोणतीस पावलं त्याची बायको त्याला दिसे आणि कोपऱ्यावर वळून जाई.

आठवड्यानं विमला परकर पिशवीत घालून आली. "मामा, डाव्या अंगाला जरा जास्त झालंय. चालताना वडल्यासारखं हुतंय. आन घरी आई म्हणती, तू अशी वाकडी का चालायलीस?"

"ठेवून जा. काढतो."

त्यानं शिवण उसवली. डावीकडचा कापूस बोटांनी चाचपला, वहीचं शेवटचं पान उघडलं, आणि चिमूटभर कापूस काढायच्या जागी चिमूटभर आणखी घातला. पहिल्या वेळी अर्ध्या इंचाला जरा कमीच भरला होता. सारा जन्म कुणाच्या कापडातली एक वीतही न चोरलेला माणूस; पण त्या संध्याकाळी तिची पाठ इतकी बरोब्बर दिसली की त्याला लाज वाटायची राहून गेली.

मग स्थळ यायच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, गडहिंग्लजहून सासू आली. महादेवीची आई, ऐंशीच्या घरातली. सगळे तिला अव्वा म्हणत. डोळ्यांत मोतीबिंदू, कानानं मात्र तीक्ष्ण. ती दुकानात पाय पसरून पान कुटत बसली होती. साडेपाचला विमला समोरून गेली. अव्वाचा खलबत्ता थांबला.

"म्हादेवी कुटं चालली रे?" तिनं अगदी सहज विचारलं. लेक बाजाराला निघाल्यासारखं.

"ती न्हवं ती, अव्वा."

"मला चाल कळंना व्हय?" आणि म्हातारीनं रस्त्याकडं तोंड करून कानडीत हाळी दिली, "म्हादेवी! निल्लव्वा!" थांब गं पोरी.

विमला थांबली. भर रस्त्यात, कोपऱ्याच्या दोन पावलं अलीकडं. वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, "बंदे, अव्वा."

आले, आई.

मग ती गर्रकन वळली. चेहरा पांढराफटक. कुणी दुसऱ्यानंच बोलल्यासारखी इकडंतिकडं बघत होती. भरमाप्पाकडं तिनं एकदा बघितलं आणि धावत कोपरा वळून गेली. अव्वा पुन्हा पान कुटू लागली. "येती म्हणली न्हवं," ती म्हणाली. "येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा देवळात गेलेली असताना विमला आली. हातात तीच पिशवी. या वेळी तिनं कोण आहे का म्हणून विचारलं नाही.

"मला कानडी येत न्हाई, मामा. एक शब्द येत न्हाई." पिशवी तिनं स्टुलावर ठेवली. "ह्ये कुणाचं माप हाय?"

पंचवीस वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यानं वही उघडली, खाकी कागद उलगडून तिच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. मातीतल्या परकराचंही. डावीकडं कापूस काढायच्या जागी घातला, तेही.

विमलानं कागदाच्या डाव्या कडेवरून बोट फिरवलं.

"काकू लय चांगल्या हुत्या," ती म्हणाली. "पण मामा, उद्या ती माणसं येणार. पोहे ठेवून मी पाठमोरी हुणार. त्यांनी पसंत केलं तर कुणाला केलं म्हणायचं? आन लगीन हून मी तिकडं गेल्यावर, कुणी मागनं हाक मारली तर वळायचं कुणी?"

भरमाप्पानं खाकी कागद उचलून वहीत ठेवला. त्यानं मान खाली घातली. "चुकलो, पोरी. तुझं माप घ्यायला पायजे हुतं."

"मग घ्या की आता."

"माझ्याच्यानं न्हाई हुणार."

विमलानं त्याच्या गळ्यातला टेप काढून घेतला. कोपऱ्यात गोळा झालेला पडदा चार वर्षांनी ओढला, तेव्हा कडीतून गंज गळला. आत खुडबुड झाली.

"कंबर सव्वीस," ती म्हणाली.

त्यानं कोरं पान काढून वर 'विमला' लिहिलं, खाली आकडा.

"सीट तेहेतीस. टेप वडून न्हाई, खरी तेहेतीस." मग आतून आवाज आला, "लिव्हलं का?"

भरमाप्पाचा पेन थांबला. लहानपणी ती आईबरोबर इथं यायची, ऐकलं असेल. नसेलही.

"लिव्हलं," तो म्हणाला.

त्या दिवशी त्यानं दुसरं काम हातात घेतलं नाही. बिनकापसाचा परकर, मागं चार चुण्या जास्त, घेर असा की लुगडं अंगाला चिकटू नये आणि खोटंही बोलू नये. संध्याकाळी विमला तो घेऊन निघाली. "येते मामा," म्हणाली. भरमाप्पा दाराकडं पाठ करून बसला. चपलांचा आवाज त्यानं कोपऱ्यापर्यंत ऐकला. दोन्ही पावलं सारख्या वजनानं पडत होती. कुणी हाक मारली नाही.

जुना परकर त्यानं पिशवीतून काढून महादेवीच्या स्टुलावर ठेवला होता. गाद्या उसवाव्यात म्हणून तो कातर घेऊन वळला आणि थांबला. उजवी गादी फुगलेली होती. डावी हळूहळू, दमून आलेलं माणूस टेकावं तशी, खाली बसत होती.

त्यानं कातर खाली ठेवली, उठून पडदा स्टूल आड होईल इतका ओढून घेतला, आणि पेन हातात धरून, वही उघडून पडद्याबाहेर बसला.