जगनचा बेंजो

“आज नाय जमायचं,” जगन भोईर फोनमध्ये ओरडला. फोनवर ओरडलं की माणूस ठाम वाटतो, असं त्याचं मत होतं. “आज खंडेनवमी. पूजेला बसवलेलं हत्यार कुनी विकतं काय रं?”

“काल पन तुमी नाय बोललेले, दादा,” पलीकडून प्रीतम म्हणाला.

“काल अष्टमी होती.”

“बरं. मंग उद्या येतो.”

“उद्या दसरा.”

“परवा?”

जगनने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “परवा एकादशी,” तो म्हणाला. पंचांग अजून आपल्या बाजूला आहे, याचं त्याला बरं वाटलं.

“दादा, मी खालीच उभाय. टेम्पो लावलाय. वॉचमन बोलतो गाडी काढ. वर येऊ का नको, तेवढं सांगा.”

तोवर त्याच्या बायकोने, हेमांगीने, गॅलरीतून हात करून त्याला वर बोलावलंसुद्धा होतं. या घरात निर्णय जगन घेत असे आणि तो घेऊन होईपर्यंत हेमांगीचं काम उरकलेलं असे. संसार असाच सुरळीत चालला होता.

प्रीतम वर आला, चप्पल बाहेर काढली आणि दारातच थबकला. खोलीच्या मधोमध दोन पाट जोडून मांडले होते. त्यांवर कोयता, मासे चिरायची मोरली, हेमांगीची ब्लाउज बेतायची कात्री, आणि या सगळ्यांच्या मागे आडवा, लांबलचक, काळा सिंथ, म्हणजे जगनचा सिंथेसायझर. प्रत्येक काळ्या पट्टीवर हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक. वर झेंडूची माळ. एखादा पुढारी निवडून आल्यावर दिसतो, तसा तो दिसत होता.

“वैनी, भारी सजवलाय,” प्रीतम म्हणाला.

“दर वर्साला करते,” हेमांगी म्हणाली. “कपाटावरून काढायचा, पुसायचा, पुजायचा, परत माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून वर. वाजवायचा तेवढा नाय. बाकी समदी सेवा होते त्याची.”

शीळफाट्याच्या रस्त्याला लागून जिथे जगनचं गाव होतं, तिथे आता बिल्डिंगा आहेत आणि गावाचं नाव फक्त रिक्षावाल्यांच्या लक्षात आहे. पण एक काळ होता, तुळशीचं लग्न लागलं की कल्याणपासून शिळेपर्यंतच्या गावांत जगनला रात्री स्वतःच्या घरी झोपायला मिळत नसे. त्या पट्ट्यात लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला भटजी कोण आहे हे कोणी विचारत नाही, हळदीला वाजवायला कोण आहे ते आधी विचारतात. जगन आधी खराखुरा बेंजो वाजवायचा. तारांनी बोटं सोलून निघायची. मग सिंथ आला. त्यात गिटार होती, बासरी होती, समुद्राच्या लाटा होत्या, हेलिकॉप्टरसुद्धा होतं, पण बेंजो नव्हता. ज्याने यंत्र बनवलं त्याला भोईरांच्या हळदीची कल्पना नसावी. मग जगनने एक अख्खा पावसाळा घालवला. हे बटण फिरव, ते दाब, कानाला हेडफोन लावून बस. गणपतीपर्यंत बेंजो तयार झाला होता. नुसता बेंजो नव्हे. गंजायला आलेल्या तारेचा, जरा खरखरणारा, ऐकल्यावर म्हातारीच्या पायालासुद्धा आपोआप ठेका धरायला लावणारा. लोक त्याला ‘जगनचा बेंजो’ म्हणत.

त्या धंद्यात टोन, म्हणजे असे यंत्रात बनवून ठेवलेले आवाज, चोरीला जात. वाजवणारा पाणी प्यायला उठला की दुसऱ्या पार्टीचा पोऱ्या फ्लॉपी घालून सगळं उचलून नेई आणि आठवड्याने तोच आवाज शेजारच्या गावात ऐकू येई. जगनने त्यावर कायमचा बंदोबस्त केला होता. सिंथच्या फ्लॉपीच्या भोकावर त्याने खाकी चिकटपट्टी लावून टाकली आणि त्यावर पेनाने ॐ काढला. स्वतःसुद्धा कधी कॉपी काढली नाही. कॉपीच नाही, तर चोरणार काय?

मग चार वर्षांपूर्वी जगनच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, तोंड सरळ झालं, हाताची मधली दोन बोटं तेवढी परत आली नाहीत. “येतायत,” असं तो विचारणाऱ्याला सांगे. जणू ती शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकली होती.

प्रीतम त्याआधीच त्याच्याकडे ढोलकी वाजवायला लागला होता, मग जगनच्या शेजारी दुसरा कीबोर्ड घेऊन बसायला लागला, आणि आता पार्टी त्याची होती. त्याच्याकडे नवा कीबोर्ड होता. त्यात हजारभर टोन होते. जगनचा बेंजो नव्हता.

चहा पुढे आला. प्रीतमने फुंकर मारली.

“दादा, सरळ बोलतो. शेवंती आजीच्या नातीची हलद हाय. म्हातारी बोलली, बेंजो जगनचा पायजे. दुसरा वाजवलास तर मांडवातून उठून जाईन. मी बोललो, आजी, आता तो आवाज कुठून आनू? तर बोलते, तो मेला म्हनून त्याची पेटी पन मेली काय?”

“कोन मेला?” जगनने विचारलं.

प्रीतमने बशीत पाहिलं.

भानगड जुनीच होती. मागच्या वर्षी प्रीतमने पार्टीचा नवा बोर्ड करायला टाकला होता, ‘जगन भोईर यांच्या आशीर्वादाने’. कल्याणच्या पेंटरने एवढ्या आदराने कोणाचं नाव येतं याचा स्वतःच्या अनुभवावरून विचार केला आणि नावाआधी ‘कै.’ टाकलं. बोर्ड तसाच तीन-चार गावं फिरला. एके दिवशी खोणीचं एक जुनं गिऱ्हाईक नारळ घेऊन भेटायला आलं. दार जगननेच उघडलं. दोघंही ओशाळले. शेवटी तो नारळ हेमांगीने वड्यांना वापरला.

“बोर्ड बदलतो, दादा. वेलच नाय भेटला,” प्रीतम म्हणाला. “पन पेटीचं काय ते सांगा. मना टोन पायजे, तुमाला ठेवायला जागा नाय. तुमी स्टेजवर या. खुर्ची टाकतो. नुसतं बसा.”

“नुसतं बसा,” जगन म्हणाला.

“म्हनजे मान म्हनून.”

“मी मानाला बसू, आनि माझा बेंजो तू वाजव.”

“कुनीतरी वाजवायला पायजे ना, दादा!” प्रीतमचा आवाज पहिल्यांदाच चढला आणि लगेच उतरला. “चार वर्सं झाली. कपाटावर ठेवून काय मुरंबा घालायचाय?”

हेमांगी कप गोळा करू लागली. ती बोलत नाही तेव्हा तिचं मत पक्कं असतं, हे जगनला ठाऊक होतं. सिंथ गेला की प्रीतम म्हणतो तसा आपला आवाज गावोगाव वाजेल आणि आपण खुर्चीत बसून टाळ्या वाजवू, त्याही एका हाताने. बोर्डवर लिहिलेलं ते खरं होईल. आणि सिंथ राहिला तर? तर पुढच्या खंडेनवमीला परत हळदकुंकू.

“उद्या उत्तरपूजा झाली की ये,” तो म्हणाला. “मी वाजवीन. हलदीचा एक गाना पुरा वाजला तर पेटी माझी. नाय वाजला तर ने.”

“आनि अर्धा वाजला तर?” हेमांगीने विचारलं.

“अर्धा वाजला तर तुझ्या भावाला देऊ. त्याला तेवढंच कलतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून जगन कणकेचा गोळा उजव्या हातात घेऊन बसला. मशीनवाल्या बाईने, म्हणजे व्यायाम शिकवणारीने, रबरी चेंडू दिला होता, पण कणकेत निदान काहीतरी उमटतं. तर्जनी उमटली, अंगठा उमटला, करंगळी जराशी. मधे सपाट. गाणं पुरं होणार नाही, हे त्याला पैज लावतानाच माहीत होतं. त्याला पैज जिंकायची नव्हती. त्याला आपला बेंजो एकदा ऐकायचा होता. एकट्याने बटण दाबायचा धीर त्याला या चार वर्षांत झाला नव्हता, आणि चार माणसांसमोर पैज हरताना ऐकला तर कोणाला काही विचारायला जागा राहणार नव्हती. एवढं ऐकलं की मग नेऊ दे.

दुपारी पाटावर अक्षता टाकून झाल्या. प्रीतम आला, शर्टाच्या खिशात आपट्याची पानं चुरगळलेली. जगनने आंघोळीनंतरचा इस्त्रीचा शर्ट घातला होता. हेमांगीने ओल्या फडक्याने पट्ट्यांवरची हळद पुसली, कपाटाच्या मागून अॅडॅप्टर काढला, प्रीतमने जुना स्पीकर जोडला. जगनने सिंथसमोर मांडी घातली आणि डाव्या हाताने बटण दाबलं.

पडद्यावर निळा उजेड आला. इंग्रजीत काहीतरी सरकत गेलं.

“काय बोलतो?” जगनने विचारलं.

प्रीतम वाकून वाचायला लागला. वाचून झाल्यावरही तो वाकलेलाच राहिला.

“काय नाय. व्हा पुढे.”

जगनचं डावं बोट न बघता बेंजोच्या बटणावर गेलं. उजवा हात त्याने उचलून पट्ट्यांवर ठेवला, पाहुण्याला पाटावर बसवावं तसा, आणि तर्जनी दाबली.

चर्चमधला ऑर्गन वाजला. मोठा, गंभीर, घुमणारा. हेमांगीने दचकून देव्हाऱ्याकडे पाहिलं.

जगनने दुसरं बटण दाबलं. बासरी. तिसरं. समुद्राच्या लाटा. परत बेंजोच्या जागी आला. ऑर्गन. अजून दोन-तीनदा त्याने तेच बटण दाबलं, दर वेळी थोडं हळू. चुकून झोपमोड झाली असेल तर यंत्राला सावरायला वेळ द्यावा, तसं.

“आत एक बॅटरी असते, दादा,” प्रीतम म्हणाला. “बारकी, घड्याळात असते तशी. तिच्यावर आपले टोन राहतात. ती मेली की कंपनीचे तेवढे उरतात. मधून मधून चालू केला असता तर आधी सांगतो तो, बॅटरी उतरली म्हनून. मंग बदलता येते.”

“चालू नाय केला,” जगन म्हणाला.

“कॉपी असेल ना? फ्लॉपी?”

तिघांनीही खाकी चिकटपट्टीवरच्या ॐकडे पाहिलं.

“मी ओलं फडकं मारलं,” हेमांगी एकदम म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “दर वर्साला ओलंच मारते. पानी आत गेलं असेल. माझ्यामुलं झालं काय रं, प्रीतम?”

“नाय गं,” जगन म्हणाला. “तुझं पानी नाय. तू पुसलास म्हनून निदान चकचकीत तरी हाय.”

खाली सोसायटीत कोणाच्या तरी नव्या गाडीला हार घातला होता. तिचा हॉर्न वाजत राहिला.

मग प्रीतम सिंथसमोर सरकला. “थांबा, दादा. कंपनीची गिटार घेऊन बघतो. तुमी सांगा, मी फिरवतो. तुमच्या कानाला काय झालेलं नाय.”

“तार अजून आवल,” जगन म्हणाला. “हां. आता जरा घास. अजून. तेवढं नको.”

प्रीतमने बरीच खटपट केली. आवाज पत्र्याचा झाला, मग सतारीकडे गेला, मग रेडिओवर स्टेशन नीट लागत नाही तसा झाला. जगन डोळे मिटून ऐकत होता. पहिल्यांदा त्याला प्रत्येक आवाजात काय चुकतंय ते कळत होतं. मग कळेनासं झालं. इतकी वर्षं कानात जो बेंजो रोज वाजत होता, तो आठवू गेलं की आता मधे तो ऑर्गन घुमायचा. त्याने मनातल्या मनात शेवंती आजीचा मांडव आठवून पाहिला, खोणीची हळद आठवून पाहिली. बायका नाचत होत्या. आवाज नव्हता.

“हाच ना, दादा?” प्रीतमने हळदीच्या गाण्याची पहिली ओळ वाजवून विचारलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. “यो हाच वाटतो मना.”

जगनने डोळे उघडले.

“हाच,” तो म्हणाला.

“शंभर टक्के?”

“अरे, मी बनवलेला, मना नाय कलनार? हाच. आता लगेच फ्लॉपीत घे, नायतर तू पन बसशील बोंबलत.” डाव्या हाताच्या नखाने त्याने चिकटपट्टीचं टोक सोडवलं आणि ॐसकट ओढून काढली. “आनि ने.”

“गाना वाजवायचा होता तुमी.”

“ने बोललो ना. पूजेतून उठवलेलं हत्यार परत कपाटावर चढवायचं नाय.”

प्रीतमने सिंथ लुगड्यात गुंडाळला. दारात पोचल्यावर त्याला आठवण झाली. सिंथ भिंतीला टेकवून त्याने खिशातली पानं काढली, जगनच्या पाया पडला. “सोनं घ्या, दादा.”

जगनने सवयीने उजवा हात पुढे केला. पानं तळहातावर ठेवली गेली. तर्जनी आणि अंगठा मिटले, आणि मधल्या मोकळ्या जागेतून एक पान खाली पडलं. हेमांगीने ते उचललं, परत ठेवलं, आणि आपल्या हाताने त्याची मूठ मिटून धरली.

“आनि बोर्ड आठवडाभरात बदलतो,” प्रीतम म्हणाला.

“राहू दे,” जगन म्हणाला. “पेंटरला परत त्रास कशाला.”

टेम्पो रस्त्याला लागल्याचा आवाज आला. वॉचमनने शिट्टी मारली. हेमांगीने पाटावरची कात्री उचलून शिलाई मशीनच्या खणात टाकली, कोयता दाराआड ठेवला, मोरली ओट्याखाली सरकवली. मग केरसुणी घेऊन आली आणि पाटासमोर उभी राहिली.

“तो यो नव्हता,” ती म्हणाली. “माझ्या बहिनीच्या हलदीत मी रातभर ऐकलाय.”

“तुना काय कलतं त्यातलं?”

“मना काय कलतं,” हेमांगी म्हणाली.

पाटांवर झेंडूच्या पाकळ्या आणि हळद पसरली होती, आणि त्यात सिंथच्या मापाची एक लांब, आडवी, स्वच्छ पट्टी होती, जिथे काही सांडलेलं नव्हतं. तिने खोलीचा सगळा केर काढला. पाटांच्या कडेने काढला, खालून काढला. पाट तेवढे तसेच ठेवले.