चौथं झाड

"उत्कर्ष, दोन पंच आण आधी! पंचनामा करायचाय!"

शेजारच्या फ्लॅटमधून वडिलांचा, प्रतापरावांचा, आवाज आला तेव्हा उत्कर्ष घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. माइक बंद करून तो धावला. शेजारचे लोहमान, रिटायर्ड मास्तर, सकाळीच सुट्टीवर गेले होते. जाताना किल्ली प्रतापरावांच्या हातात देऊन झाडांना पाणी घालायची विनंती केली होती. जर्मनीत, ब्राउनश्वाइगला मुलाकडे आल्यापासून प्रतापरावांना कुणी काही कामच सांगितलं नव्हतं. त्यांनी टाचा जुळवून 'येस सर' म्हटलं होतं.

आता ते लोहमानांच्या गॅलरीत कमरेवर हात ठेवून उभे होते. टोमॅटोच्या कुंड्यांशेजारी तीन उंच, हिरवीगार झाडं होती.

"गांजा आहे हा. शिरपूरला आख्खी नोकरी हेच उपटण्यात गेली माझी."

"बाबा, इथे लीगल आहे. माणशी तीन झाडं. गेनाऊ तीन, मोजून."

"कोणी केलं लीगल?"

"सरकारने. लोक ओढतातच, तर निदान काळाबाजारवाल्यांचा धंदा बसेल, पोलिसांचा वेळ वाचेल, असा विचार. आता सरकार बदललंय, त्यातल्या काहींना कायदाच रद्द करायचाय."

"आणि वाचलेल्या वेळात पोलिसांनी करायचं काय?"

 तिकडे मीटिंगमध्ये उत्कर्षच्या नावाचा पुकारा चालला होता; तो पळाला.

प्रतापराव कुंडीशेजारच्या खुर्चीत बसले. त्यांना फार वाईट वाटलं. ज्या झाडापायी तुरीच्या रानांतून तंगड्या तोडल्या, ज्याच्यापायी या उत्कर्षच्या बारशालाही पोचता आलं नाही, त्याला इथे एक मास्तर खतपाणी घालतो! आणि सुट्टीवर जाताना ते काम सोपवतो कोणावर, तर सहायक फौजदारावर! रिटायर झाल्यापासून सहीखाली हुद्दा लिहिला की पुढे कंसात 'निवृत्त' लिहायला ते कधी चुकत नसत. सोसायटीच्या तक्रारवहीतसुद्धा. पण त्या शब्दाचा खरा अर्थ त्यांना आज कळला.

त्या दिवशी त्यांनी फक्त टोमॅटोला पाणी घातलं. दुसऱ्या दिवशीही. मग ऊन तापलं आणि तिन्ही झाडांनी माना टाकल्या.

"शब्द दिलाय मी मास्तरांना," ते सुनेला, देवश्रीला, म्हणाले. "आणि झाडाचा काय गुन्हा?"

त्यांनी तोंड फिरवून पाणी घातलं. आठवड्याभरात तोंड फिरवणंही राहिलं. ते पिवळी पानं खुडू लागले, मावा दिसला तर मास्तरांच्या नावाने करवादू लागले.

आणि एका सकाळी, टोमॅटोच्या कुंडीमागे, त्यांना वीतभर उंचीचं चौथं रोप दिसलं.

प्रतापरावांच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा फौजदार संचारला. पण हात लावला नाही. मालकाच्या पाठीमागे जप्ती करणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

लोहमान उन्हाने लालबुंद होऊन परतले तेव्हा प्रतापराव गॅलरीच्या दारातच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. मागे दुभाषा म्हणून उत्कर्ष, शरमेने अर्धा झालेला.

"त्यांना विचार, ही किती झाडं?"

लोहमानांनी मोजली. पुन्हा मोजली. बॅग खाली ठेवली.

"फियर, चार," ते गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे... चार चालत नाही." आणि बाजूला झाले.

प्रतापरावांनी रोप मुळासकट उपटलं, माती झटकली, पाकिटात घालून चिकटवलं. मग मराठीत पंचनामा लिहिला. पंच म्हणून उत्कर्षने सही केली, हाकेसरशी आलेल्या देवश्रीने केली. लोहमानांनी चष्मा लावून तो न कळणारा कागद शेवटपर्यंत पाहिला, खाली आपली सही केली आणि ताठ उभे राहिले.

शेवटची सही प्रतापरावांची. खाली त्यांनी ठळक अक्षरांत 'सहायक फौजदार' लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. कंस राहून गेला होता. उत्कर्षच्या लक्षात आलं; त्याने कागदाची नीट घडी करून बाबांच्या हातात दिली.