झेंडूच्या वाफ्यातला मनोरा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी रेडिओ मनोरा आहे. ‘उभा आहे’ म्हणायची सवय अजून सुटत नाही, पण आता कॅनडातल्या ग्वेल्फ शहराजवळच्या या शेतात मी आडवा पडलोय. अहो, वादळाने पाडलं असतं तर मला एवढा धक्का बसला नसता!

लोखंडाने रेडिओच्या लहरी बिघडतात, म्हणून मला पितळी बोल्टांनी जोडलं होतं. माझ्या पोटातल्या तारेतून बातम्या, हॉकीचे सामने, बर्फवादळाचे इशारे घरोघर जात. शाळेला सुट्टी मिळाली की पोरांना आधी माझ्याकडूनच कळायचं. काय तो मान! पुढे पोलादी मनोरे आले, माझी तार काढून नेली आणि कावळ्यांशिवाय कोणी फिरकेना.

मला पाडायचं ठरलं, तेव्हा धावून आले ते दीनानाथकाका, रेडिओ स्टेशनातून निवृत्त झालेले इंजिनियर. नगरपालिकेत भांडभांड भांडून त्यांनी मला वाचवलं. त्यांच्या पत्नी नीलिमाकाकूंनी माझ्या चारही पायांशी माती चढवून झेंडू लावला. काका रोज संध्याकाळी होजने पाणी घालत. माझी अशी बडदास्त कोणी ठेवलीच नव्हती, मी लेकाचा हरखून गेलो.

२००९च्या सप्टेंबरात नॉर्थ यॉर्कहून राजन नावाचा तपासनीस माझ्या तपासणीला आला. तो मला पास करणार, मग शाळेची मुलं मला बघायला येणार, असं ठरलं होतं. वरचं लाकूड त्याने ठोकून पाहिलं. अगदी खणखणीत! काका खूश. मग त्याने झेंडू बाजूला सारला, माती उकरली आणि पायात स्क्रू ड्रायव्हर टोचला. बाप रे! तो मुठीपर्यंत आत गेला.

“काका, पाय पार कुजलेत! इथे पाणी कोण घालतं?”

काका पांढरेफटक पडले. “मी. रोज मीच घालतो रे.”

विजा झेललेला मी, आणि पायाखालून कधी संपलो ते मलाच कळलं नाही!

“विंटरच्या आत पाडावा लागेल, काका. कुणाच्या अंगावर कोसळला तर?”

काकांनी माझ्यावर हात ठेवला. ज्यांनी माझ्यासाठी भांडण केलं, त्यांनीच “पाडा” म्हटलं.

आता मला विटांवर ठेवलंय. काका अजूनही येतात. होज कधीच टाकून दिला. खांद्यावरच्या टॉवेलने माझ्यावरचं दव पुसत बसतात. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा, पण त्यांना काय सोसतं तेही एकदा खाली वाकून बघा.